भवानीचा टॉवेल

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाकडं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर माझ्या हातातून पेन्सिल गेली आणि बिडीचं पान आलं. मधे इतकी वर्षं गेली की आता पेन धरला तरी बोटं आपोआप वळायला लागतात, जसं काही त्यात तंबाखूच भरायचा आहे. कुठे काना सुटला असेल, कुठे वेलांटी भलत्या बाजूला गेली असेल, तर समजून घ्यावं.

तसं माझ्या कामात हातानं लिहावं लागत नाही. फोनमध्ये माइकचं चित्र असतं, ते दाबून बोललं की फोनच लिहितो. पण बोलायचं म्हणजे मोठ्यानं बोलावं लागतं, आणि आमचं घर दोन खोल्यांचं. मी बोलायला लागले की सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करतात आणि नवरा विचारतो, कुणाशी बोलतेस? म्हणून हे हातानं. इथे सोलापुरात आमच्या भागातल्या वाचनालयाच्या बाई दिवाळी अंकासाठी मागे लागल्या होत्या, तुमच्या कामाबद्दल लिहा म्हणून. मी त्यांना नाही म्हणून आले आणि घरी येऊन लिहायला बसले. त्यांना देईन की नाही, अजून ठरलेलं नाही.

माझं काम असं आहे. छोट्या दुकानदारांची मोबाइलवर पेजं तयार करायची आणि ती चालवायची. पेज म्हणजे दुकानाची पाटीच, फक्त ती अशा रस्त्यावर लावलेली असते की तिथून कोण जातंय ते आपल्याला दिसत नाही. फोटो काढायचे, छोटे व्हिडिओ काढायचे, खाली भाव आणि माप टाकायचं, आणि लोक विचारतील त्याला उत्तर द्यायचं. उत्तर देण्यातच सगळा वेळ जातो. ताई, टॉवेल पाणी टिपतो का? रंग जातो का? बाळाला चालेल का? एकानं विचारलं होतं, टक्कल पुसायला कुठला चांगला? मी चेष्टा समजले. मग वाटलं, खरंच विचारत असेल तर? दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं की पातळ घ्या, जाड टोचतो. त्यानं दोन घेतले.

बाकीच्या गोष्टी करता करता कळत गेल्या. पांढऱ्या मालाचा फोटो दुपारी काढायचा नाही, सकाळी दारात काढायचा. टॉवेल घडी घालून दाखवला तर लोकांना रुमाल वाटतो. म्हणून तो खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. खुर्ची सगळ्यांच्या घरी असते, लगेच अंदाज येतो. माझा चेहरा कुठल्याच पेजवर नाही. हात दिसतात आणि आवाज ऐकू येतो, तेवढंच पुष्कळ.

मला एक खोड आहे, चौकशीची. व्हिडिओखाली आकडा येतो, इतक्या लोकांनी बघितलं. बघतात चारशे आणि विचारतात तिघं. मग उरलेले कोण? दुकानात कुणी बघून गेलं तर त्याचा चेहरा तरी दिसतो, साडीचा रंग दिसतो. इथे नुसता आकडा. बिड्या वळताना मी दारात बसून रस्ता बघायचे, तशी आता त्या आकड्याकडे बघत बसते.

आणि दुकानदार तरी पेज का मागतात? सगळ्यांना विक्रीच हवी असते असं नाही. आमच्या बोळातल्या पिठाच्या गिरणीवाल्या मामांनी माझ्याकडून पेज करून घेतलं. त्यांचं सगळं गिऱ्हाईक डबा घेऊन चालत येतं. मी विचारलं, "मामा, तुम्हाला पेज कशाला?" तर म्हणाले, "करकंबला भाऊ हाय. बोलत न्हाय लई वर्षं झाली. गिरणी चालू हाय एवढं त्याला कळू दे की." दर सोमवारी मी गिरणीचा पट्टा फिरतानाचा एक व्हिडिओ टाकते. त्याला अंगठा देणाऱ्यांत करकंबचं एक नाव असतं. फोटो नाही, काही नाही, नुसतं नाव. मामांना मी ते दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाले, "दळण सांडलालंय बघ तिकडं," आणि उठून गेले. कुठेही काही सांडत नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. काम मी शिकले ते मल्लय्याअण्णांच्या टॉवेलांवर.

अण्णांचे चार माग आमच्या घरासमोरच्या शेडमध्ये आहेत. आमच्यासारखंच त्यांच्याही घरी तेलुगू बोलतात. पुढे छोटं दुकान, मागे माग. चारही चालू असले की बोळात कुणाला हाक मारायची सोय नाही. माल सगळा पेठेतला एक व्यापारी न्यायचा, तो म्हणेल त्या भावानं. एकदा अण्णांच्या बायकोनं, पद्माअक्कानं, मला एक नॅपकिन दिला. मी त्याचा फोटो माझ्या जुन्या फोनवर स्टेटसला ठेवला, नुसताच, छान दिसला म्हणून. माझ्या नणंदेच्या शेजारणीनं अर्धा डझन मागितले. अण्णा माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, ते पेज म्हणतात ते तुला येतं व्हय?"

मी मान हलवली. येत नव्हतं. पण काय असतं ते बघायचं होतं.

माझ्या फोनची काच फुटलेली होती आणि त्यात जागाही उरली नव्हती. अण्णांनी नव्या फोनसाठी उचल दिली. उचल म्हणजे मालकानं आधी दिलेले पैसे, ते कामातून फेडायचे. आमच्याकडे माग असो की बिडी, उचलीशिवाय काम सुरू होत नाही. आणि तिचा नियम लहान पोरांनाही माहीत असतो. ती फिटेपर्यंत दुसऱ्याचं काम धरायचं नाही. अण्णांनी मलाही तेच सांगितलं. पेजवरून गेलेल्या प्रत्येक टॉवेलामागे दहा रुपये माझे. ते हातात मिळायचे नाहीत, उचलीतून वजा व्हायचे. तोवर दुसऱ्या कुणाचं पेज करायचं नाही.

मी खुशीत हो म्हटलं. त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या रेहानाआपा आल्या. त्या ब्लाउज शिवतात. त्यांच्यासारखी गळ्याची नक्षी आमच्या भागात कुणाच्या हातची नाही.

"मेरा बी पेज बना दे गे. पैसे ले, ब्लाउज सिलाके ले, पन बना दे."

मी उचलीचं सांगितलं.

"अण्णा की उचल? अरे अल्ला. फिर तो मैं बुड्ढी हो जाती."

त्यांच्यामागून आणखी काही जण आले. कडक भाकरीवाली आली, गादीवाला आला, गिरणीवाले मामा आले. मला प्रत्येकाच्या दुकानात शिरून बघायचं होतं. भाकरी कडक करून महिनाभर कशी टिकवतात, गादीतला कापूस पिंजताना कसा उडतो. सगळ्यांना मी एकच सांगत होते, उचल फिटू दे. नवरा म्हणाला, "दहा-दहा रुपयांनी फोन कधी फिटायचा? दिवाळीपर्यंत बघ. नाही फिटला तर फोन अण्णांना देऊन टाक आणि बस बिड्या वळत." तो वाईट बोलला नाही. त्यानं हिशेब केला होता.

आता माझ्या चुकीकडे येते.

पहिला व्हिडिओ करताना अण्णा म्हणाले, दुकानाबद्दल चांगलं काहीतरी बोल. मला काय बोलावं सुचेना. मग मी दारात बसून वर्षानुवर्षं जे बघितलं होतं तेच सांगितलं. अण्णा सकाळी सहाला मागाला उदबत्ती लावतात आणि दुकान उघडतात. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. त्याला ते रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. तो म्हणेल त्या भावाला देतात, आलेली नोट कपाळाला लावतात, आणि मग दिवस सुरू होतो. हे मी जसंच्या तसं फोनमध्ये बोलले. अण्णांना ऐकून फार बरं वाटलं. पद्माअक्कानं तर डोळ्याला पदर लावला.

आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही की आपण काय करून बसलो. बोळात पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ओळखीचं माणूस. ते मागून मागून किती कमी मागणार? त्याला उद्या तोंड दाखवायचं असतं. आणि तेच माणूस रोज काही पहिलं येत नाही. पेजवर मात्र आम्ही सगळ्या जगाला सांगून ठेवलं होतं की सहाला या आणि म्हणाल तो भाव घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी उदबत्ती लावली आणि माझा फोन वाजला.

"राम कृष्ण हरी. भवानी करा. एक टॉवेल, शंभरला."

टॉवेल दीडशेचा होता. पाठवणाऱ्याचं नाव नुसतं 'माऊली', फोटोच्या जागी तुळशीचं रोप. मी अण्णांना वाचून दाखवलं.

"दे की," अण्णा म्हणाले. "पहिलं गिऱ्हाईक हाय."

"अण्णा, पन्नास कमी."

"भवानीला हिशेब न्हाय बघायचा. आणि यात तुझे दहा न्हाईत बरं का. मलाच काय सुटत न्हाय."

पैसे लगेच खात्यावर आले. अण्णांना कपाळाला लावायला नोट नव्हती, म्हणून त्यांनी माझा फोनच कपाळाला लावला.

त्यानंतरच्या दिवशी पुन्हा सहा वाजता माऊली. एक टॉवेल, शंभरला. त्याच्या पुढच्या दिवशीही. मधे एक-दोघांनी माऊलीच्या आधी यायचा प्रयत्न केला. एक माणूस काही दिवस नेटानं उठला आणि थकला. माऊली थकत नव्हती. टॉवेल साठू द्या, दहा झाले की एसटीनं पंढरपूरला लावून द्या, स्टँडवर रिक्षावाला येऊन घेईल, असं सांगितलेलं. पत्ता नाही. मी विचारलं, "ताई म्हणू की दादा?" उत्तर आलं, "माऊली म्हणा."

पेज नवीन होतं, दुसरी मागणी कधी यायची, कधी नाही. पुष्कळ दिवस असे गेले की सगळ्या दिवसात गेलेला टॉवेल म्हणजे माऊलीचा एकच, त्यात माझे दहा नाहीत. उचल होती तिथेच होती. रेहानाआपा रस्त्यात भेटल्या की नुसत्या भुवया उडवायच्या.

रोज एकच टॉवेल कोण घेतं, आणि कशाला? शेडमध्ये त्यावर रोज चर्चा व्हायची. अण्णांचं ठरलेलं होतं, "नवस असंल कुणाचा तरी."

"टॉवेलचा नवस?" पद्माअक्का म्हणाली. "देव काय अंघोळ करून उभा हाय व्हय वाट बघत?"

माझ्या नवऱ्याला वाटायचं, पेठेतला व्यापारीच दुसऱ्या नावानं माल बघतोय. मला वाटायचं, एकटं राहणारं म्हातारं माणूस असावं. कारण पैसे पाठवून झाल्यावर माऊली दोन शब्द बोलायची. आज माग चालू आहेत का? तुमच्याकडे ढग आहेत का? मी एकदा मागाचा आवाज पाठवला, तर उत्तर आलं, "झोप उडाली. छान आहे."

शेवटी मी धीर करून अण्णांना विचारलं, "त्यांना सांगू का, रोज रोज भवानी नसते म्हणून?"

अण्णा एकदम गंभीर झाले. "भवानीच्या गिऱ्हाइकाला असलं काय विचारायचं नसतं. तूच सांगितलंस की जगाला. आता बस गप."

गप बसणं मला नेहमी जमतं. त्या वेळी जमेना. पद्माअक्काला पंढरपूरला दर्शनाला जायचंच होतं. दहा टॉवेलांचा गठ्ठा तयार होता. ती म्हणाली, "चल, गठ्ठा आपणच नेऊ. मी माझी माऊली बघते, तू तुझी बघ."

एसटीनं उतरलो. अक्का देवळाच्या रांगेला गेली आणि मी गठ्ठा मांडीवर घेऊन स्टँडवर बसले. मी गिऱ्हाइकाशी समोरासमोर कधी बोललेच नव्हते. काय बोलायचं ते मी गाडीत मनात घोकत आले होते. माऊली, भवानी महिन्यातून एकदा घ्या, बाकी दिवस पूर्ण भाव द्या, माझी उचल फिटायची आहे. इतकंच. रिक्षावाला आला. गठ्ठ्याकडे बघून म्हणाला, "माऊलीचं पार्सल?" मी म्हटलं, "हो. आणि मी पण."

रिक्षा एका अरुंद लॉजसमोर थांबली. वर चढत गेलेल्या आठ-दहा खोल्या, खाली टेबल, टेबलामागे किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेल्या एक जाडजूड बाई. साठीच्या पुढच्या. मी म्हटलं, "नमस्कार. टॉवेल आणलेत."

त्या खुर्चीतून उठल्याच. "अगं बाई! 'खुर्चीच्या पाठीवर टाकलाय बघा' ती तूच ना? आवाज ओळखला की मी!" आणि जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "अहो, सोलापूरची टॉवेलवाली आली हो!" वरून दोन-तीन यात्रेकरूंनी डोकावून बघितलं. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

त्यांचं नाव इंदूकाकू. लॉज त्यांच्या नवऱ्याचं, पण नवऱ्याला गुडघ्यांचा त्रास, म्हणून सगळं त्याच बघतात. पहाटे पाचला उठून यात्रेकरूंना अंघोळीचं पाणी तापवून देतात, म्हणून सहाला त्या नेहमी जाग्या. चहा आला. मी घोकलेलं वाक्य जिभेवर आणलं.

"काकू, ते शंभर रुपये..."

"का गं? जास्त होतात? नव्वद देऊ?"

"नाही नाही. बरोबर आहेत."

"मग झालं. आणि हे बघ, मी उगाच नाही हो करत. माझ्या हाताला यश आहे. समोरच्या पेढेवाल्याला विचार. ज्या दिवशी मी त्याची भवानी करते, त्या दिवशी संध्याकाळी त्याचं ताट रिकामं. तू बोललीस ना व्हिडिओत, अण्णांचं सगळं भवानीवर असतं म्हणून? मला वाटलं, माणूस साधा दिसतोय, आपला हात लागला तर भलं होईल त्याचं. मग एक दिवस चुकवला नाही. ताप होता तरी केली."

मी चहा संपवला. त्या खरंच आमचं भलं करत होत्या. आमचं वाटोळंही त्यामुळेच होत होतं, पण ते त्यांना सांगणारी मी कोण?

तरी एक प्रश्न उरला होता, आणि तो विचारायला मला लाज वाटली नाही. "पण काकू, रोज एक टॉवेल तुम्हाला लागतो कशाला?"

काकूंनी कपाळावर हात मारला. "रोज एक जातो म्हणून! खोली सोडताना पिशवीत घालून नेतात गं. देवाच्या दारी येऊन! साबण नेला, समजू शकते. बादली नेली एकानं. चल, तुला दाखवते."

त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या. दोरीवर अण्णांचे टॉवेल वाळत होते. मी ज्यांचे सकाळच्या उजेडात फोटो काढले होते तेच. मला ओळखू येईनात. पांढऱ्यावर काळे डाग पडले होते, बुक्क्याचे. लोक दर्शन घेऊन येतात, कपाळ पुसतात, आणि तो डाग सोड्यानंही निघत नाही. कडा सुटलेल्या. मी एकेक टॉवेल हातात घेऊन बघत होते. आपला माल आपल्याकडून गेल्यावर कुठे राहतो, कसा जगतो, हे मी पहिल्यांदा बघत होते. किती वेळ गेला मला कळलंच नाही. काकू एकीकडे बोलत होत्या. पांढरा देऊ नका, गडद द्या. कडा दुहेरी शिवा. एका वेळी दोन डझन घ्यायला माझ्याकडे पैसे नसतात.

"किनारीला लॉजचं नाव विणून घ्या की," मी म्हटलं. अण्णांच्या एका मागावर नक्षीचं यंत्र आहे, त्यावर अक्षरं येतात. "नाव असलं की नेणार नाहीत."

"किती घ्यावे लागतील?"

नाव मागावर चढवायचं म्हणजे शंभर तरी. काकूंनी हात झटकला. आणि दोरीवरची एक रिकामी जागा बघून, तिथलाही टॉवेल कुणी नेला होता बहुतेक, त्या चिडून म्हणाल्या, "नाव कशाला पाहिजे? सरळ विणा, 'हा टॉवेल लॉजचा आहे'. सगळ्या गावातल्या लॉजला एकच चालेल. वाचून तरी लाज वाटेल मेल्यांना!"

परतीच्या गाडीत अक्कानं विचारलं, "बोललीस का गं?"

"नाही."

"मग इतका वेळ केलंस काय तितं?"

"गच्चीवर होते."

अक्कानं माझ्याकडे अशी नजर टाकली की सोलापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिले.

अण्णांना मी काकूंचं वाक्य सांगितलं. ते आधी हसले, मग रागावले. "असलं कोण विणतं? आमच्या बापजाद्यांनी मोर विणले, वेल विणले. हे काय? पोलीस ठाण्याची पाटी हाय का?"

"विणा की," अक्का म्हणाली. "हसलं तर हसू दे. हसायला तरी माणूस थांबतंय."

अण्णांकडे काथ्या रंगाचं सूत पडून होतं, कुणी घेत नव्हतं. त्याचे शंभर विणले. किनारीवर पिवळ्या अक्षरांत, हा टॉवेल लॉजचा आहे. मी तो खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि व्हिडिओत झालं ते सगळं सांगितलं. बुक्का, सोडा, पिशवी, बादलीसुद्धा. काकूंना विचारूनच. त्या म्हणाल्या, नाव घालू नको, बाकी काय सांगायचं ते सांग.

त्या व्हिडिओखालचा आकडा मी वाचला आणि माझ्या शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला दिला, मला शून्यं नीट मोजता येईनात म्हणून.

काकूंनी पहिले दोन डझन घेतले, पैसे दोन हप्त्यांत. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला. मला वाटलं, आता टॉवेल जायचे थांबले असतील.

"अगं, आता रोज दोन-दोन जातात! लोकांना गंमत वाटते. एकानं तर मला विचारून नेला. म्हणाला, घरी दाखवायचाय."

मग काकूंनीच टेबलावर थप्पी लावली, विकायला. ज्याला न्यायचाय त्यानं दोनशे देऊन न्यावा. यात्रेकरू लॉजमध्ये न राहताही नुसते टॉवेल घ्यायला यायला लागले. गावातल्या दुसऱ्या लॉजवाल्यांनी मागवले, काहींनी वापरायला, बहुतेकांनी विकायला. अक्कलकोटहून मागणी आली. पुण्याच्या एका बाईंनी सहा मागवले. त्यांच्या घरी लॉज नव्हतं, दीर राहायला येणार होते.

हे सगळे पूर्ण भावाचे. प्रत्येकामागे माझे दहा. उचल आता भराभर उतरायला लागली. नवरा रात्री जेवताना विचारायचा, "आज किती गेले?" आणि मी सांगितलं की आणखी एक भाकरी घ्यायचा. काकूंची सहाची भवानी मात्र चालूच होती, अजूनही आहे, शंभरलाच. त्यांच्या हाताचं यश होतं की त्या चोरट्या यात्रेकरूंचं, मला अजून कळलेलं नाही. माझे दहा रुपये त्यात नव्हते हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. एकदा सांगायला हवं होतं असं वाटतं. मग वाटतं, त्या नव्वद करतील.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात थोडीच रक्कम उरली. ती वजा होईपर्यंत थांबायचं माझ्या जिवावर आलं. घरखर्चातून बाजूला टाकलेले पैसे घेतले आणि दुपारी शेडमध्ये गेले. चारही माग चालू होते. अण्णांनी माझ्या हातातल्या नोटा बघितल्या आणि घेतल्याच नाहीत. गल्ल्यातून उलट आणखी नोटा काढून माझ्यापुढे धरल्या. दिवाळीला मालक हे असंच करतात. जुनी उचल संपायच्या आत नवी देतात, सण असतो, नको म्हणवत नाही. माझ्या आईनंही अशीच घेतली होती, दर दिवाळीला.

"घे," अण्णा मागाच्या आवाजात ओरडून म्हणाले. "पोरीला फ्रॉक आण. तुला साडी घे. घाई काय फेडायची? घरचीच हाईस की."

ते मनापासून बोलत होते. त्यामुळेच नको म्हणणं अवघड होतं. मी मान हलवली. त्यांना वाटलं, मी हो म्हणतेय.

"नको, अण्णा," मी म्हटलं.

"आं?"

"नको म्हणते मी. हे घ्या, राहिलेले."

त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. मी नोटा गल्ल्यावर ठेवल्या आणि हात मागे घेतला. मग त्यांनी पुढे केलेल्या नोटा गल्ल्यात परत टाकल्या, माझ्या नोटा उचलल्या, बोट ओलं करून मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि काहीतरी पुटपुटले.

पद्माअक्का दारात उभी होती. "अवो, मोठ्यानं सांगा की तिला. मागात काय ऐकू येतंय?"

अण्णांनी मान वर केली आणि सगळी शेड ऐकेल अशा आवाजात ओरडले, "फिटली गं तुझी उचल! समदी फिटली!"

मागांवर काम करणाऱ्या चौघांनी, त्यांच्याही डोक्यावर अण्णांची उचल होतीच, एकदम वळून माझ्याकडे बघितलं. त्यातल्या एकानं माग बंद केला.